कान दुखतोय, औषध मात्र तोंडातून

सकाळी दवाखान्याचं दार उघडायच्या आधीच बाकावर एखादं जोडपं बसलेलं असतं. दोघांचे डोळे जागरणाने तांबारलेले आणि मूल आईच्या खांद्यावर गाढ झोपलेलं. काय झालं हे मला फारसं विचारावं लागत नाही. तीन-चार दिवसांची सर्दी, काल संध्याकाळपर्यंत खेळत होतं, आणि रात्री दोनच्या सुमारास जे रडायला लागलं ते पहाटेपर्यंत. "औषध दिलं होतं डॉक्टर, पण काही फरक पडला नाही." किती दिलं, असं विचारलं की बाबा पिशवीतून पॅरासिटामॉलची बाटली काढतात. "अडीच मिली. मागच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं ना, तेवढंच." मागच्या वेळी मूल पाच महिन्यांचं होतं, सहा किलोचं. आता ते दोन वर्षांचं आहे, बारा किलोचं. वजन दुप्पट झालं आणि औषध तेवढंच राहिलं.

आईबाबांनी काळजी घेण्यात कुठेच कसूर केलेली नसते. त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं, एवढंच. म्हणून हा लेख. लहान मुलाचा कान रात्री ठणकायला लागला तर पहिलं काम ठणका थांबवण्याचं. तो थांबवणारं औषध तोंडातून जातं, कानातून नाही. हे का, ते कळायला कानाच्या आत थोडं डोकवावं लागेल.

पडद्यामागची खोली

कानाच्या भोकातून आत गेलं की एक छोटी बोळकंडी लागते आणि तिच्या टोकाला पातळ पडदा ताणून बसवलेला असतो. पडद्याच्या पलीकडे हवेने भरलेली चिमुकली पोकळी आहे. हा मधला कान. त्याला बाहेरून रस्ता नाही. त्याची वाट आतून आहे, एका नळीतून, जी नाकाच्या मागे घशाच्या वरच्या भागात उघडते. खंडाळ्याचा घाट उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की मोकळे होतात, ते हिच्यामुळेच. आवंढा गिळताना ही नळी क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा होतो. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्ताकी या इटालियन शरीररचनातज्ज्ञाच्या नावावरून डॉक्टर तिला युस्टेशियन नळी म्हणतात.

मोठ्या माणसात ही नळी लांब आणि चांगली उतरती असते, साधारण ४५ अंशांत. मधल्या कानात काही साचलं तर ते घशाकडे निथळून जातं. तान्ह्या मुलात ती आखूड, मऊ आणि जवळजवळ आडवी असते, जेमतेम १० अंशांचा उतार. पन्हाळीला उतार नसला की पाणी तुंबतं, तसंच इथे होतं. सर्दीने नळीचं तोंड सुजतं, मधल्या कानातला स्राव अडकतो, नाका-घशातले जंतू त्यात वाढतात आणि बंद खोलीत पू साचायला लागतो. तो पडद्याला आतून बाहेर ढकलतो. पडदा मुळातच अतिशय हळवा, त्यामुळे ताण पडला की असह्य ठणका लागतो. सहा महिने ते दोन वर्षं हे वय यासाठी सगळ्यात नाजूक. तीन वर्षांची होईपर्यंत बहुतेक मुलांना हा त्रास एकदा तरी होऊन जातो.

मग दिवसा खेळणारं मूल रात्रीच का रडतं? आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा भर वाढतो आणि आतला दाबही वाढतो. त्यातच झोपेत आपण आवंढा फार कमी वेळा गिळतो, म्हणून नळी उघडतच नाही. बाळाला उभं खांद्यावर घेतलं की ते जरा शांत होतं आणि पाळण्यात ठेवलं की पुन्हा किंचाळतं, हे पुष्कळ आयांच्या लक्षात आलेलं असतं. लाडावलंय म्हणून ते असं करत नाही.

तेलाचं काय करायचं?

आता आजींचा प्रश्न. लसणाच्या दोन पाकळ्या तेलात कडकडवून ते कोमट तेल कानात सोडायचं, हा उपाय घराघरांत आहे आणि तो मायेपोटीच केला जातो. पण वरची रचना डोळ्यांसमोर आणा. दुखणं पडद्याच्या आत आहे, तेल पडद्याच्या बाहेर थांबणार. दार बंद असताना दारावर पाणी ओतून आतली आग विझत नाही. पडद्याला भोक पडलेलं असेल तर तेल खरंच आत जाईल, आणि ते तर आणखी वाईट. शिवाय तेलाने बोळकंडी भरली की सकाळी मला पडदा नीट दिसत नाही, आणि निदान पडदा पाहूनच होतं. कोमट समजून घातलेलं तेल जास्त गरम निघालं तर मुलाच्या कानाची आतली कातडी भाजते, ते वेगळंच.

हेच आईच्या दुधाच्या थेंबांना, आल्याच्या रसाला आणि कपाटात पडलेल्या जुन्या इअर ड्रॉप्सना लागू. जुन्या ड्रॉप्सची मला विशेष भीती वाटते, कारण त्यांतली काही औषधं पडदा फाटलेला असताना आत गेली तर ऐकण्याच्या नसेला इजा करू शकतात. बाळाला आंघोळ घालणाऱ्या मावशी रोज कानात तेल सोडत असतील तर त्यांनाही प्रेमाने थांबवा. कानाचा मळ आपोआप बाहेर सरकत असतो. त्याला तेल नको, इअरबड नको आणि हेअरपिन तर नकोच नको.

आजींच्या पेटाऱ्यातला एक उपाय मात्र मी आनंदाने मान्य करते: शेक. तव्यावर ओवा कोमट करून फडक्यात बांधलेली पुरचुंडी किंवा नुसतं इस्त्री करून ऊबदार केलेलं सुती फडकं कानाबाहेर धरायला काहीच हरकत नाही. ऊब आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तिथे चटका बसला तर मुलाला बसणारच. पाच-दहा मिनिटं पुरे, आणि मूल झोपलं की पुरचुंडी काढून घ्या. आजींना करायला काम मिळतं, मुलाला जवळ घेतल्याचं सुख मिळतं, आणि यानेही दुखणं थोडं सुसह्य होतं.

औषध किती द्यायचं?

इथे जरा सावकाश वाचा, कारण सगळा घोळ इथेच होतो. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत जास्तीत जास्त चार डोस. दहा किलोच्या मुलाला म्हणजे एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम.

पण बाटलीवर आपण मिलिग्रॅम वाचत नाही, मिली मोजतो, आणि आपल्या मेडिकलमध्ये हेच औषध निदान तीन वेगवेगळ्या ताकदींत मिळतं. तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स: १ मिलीत १०० मिलिग्रॅम. साधं सिरप: ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम. दुप्पट ताकदीचं सिरप: ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. दहा किलोच्या त्याच मुलाला पूर्ण १५० मिलिग्रॅम द्यायचे तर ड्रॉप्स दीड मिली लागतील, साधं सिरप सुमारे ६ मिली आणि दुप्पट ताकदीचं ३ मिली. समजा तुमच्या डोक्यात "आमच्या पिल्लूला तीन मिली" एवढंच बसलंय आणि या वेळी हाताला साधं सिरप लागलं. मग औषध निम्मंच गेलं आणि रात्रभर ठणका. तेच तीन मिली ड्रॉप्सच्या बाटलीतून दिले तर ३०० मिलिग्रॅम झाले, म्हणजे दुप्पट, आणि असं वारंवार झालं तर यकृताला धोका. तान्ह्या बाळाचं म्हणून ड्रॉप्स सौम्य असतील असं वाटतं. प्रत्यक्षात तेच सगळ्यात तीव्र असतात.

म्हणून एक काम आजच, मूल बरं असताना करून ठेवा. मुलाचं वजन करा. घरात असलेली बाटली घेऊन डॉक्टरांना विचारा की या बाटलीतलं, या वजनाला, किती मिली. ते उत्तर कागदाच्या पट्टीवर लिहून बाटलीलाच चिकटवा, तारखेसकट. दर तीन महिन्यांनी पट्टी बदला. मोजायला घरातला चमचा घेऊ नका, कारण प्रत्येक घरातल्या चमच्यात वेगळं औषध मावतं. बाटलीबरोबरचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. रात्री कितीला दिलं ते मोबाइलमध्ये लिहा, नाहीतर बाबांनी एकला दिलेलं आई दोनला पुन्हा देते.

औषध दिलं की अर्ध्या-पाऊण तासाने गुण यायला लागतो. तेवढा वेळ बाळाला उभं धरा, छातीशी घ्या, अंगावर पाजा. गिळताना नळी उघडते, तेही मदतीचं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना डोक्याखाली उशी मात्र देऊ नका. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे नाकाचे थेंब चालतील. सर्दीच्या रंगीत सिरपांनी कानाला काही फायदा होत नाही. उलट त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, आणि नकळत डोस दुप्पट होतो.

आयबुप्रोफेनही कानदुखीवर चांगलं काम करतं, पण सहा महिन्यांनंतरच्या मुलांना, काहीतरी खायला देऊन आणि डॉक्टरांनी प्रमाण सांगितलं असेल तरच. मुलाला उलट्या-जुलाब होत असतील, कांजिण्या आल्या असतील किंवा डेंग्यूची शंका असेल तर ते अजिबात नको. आपल्याकडे पावसाळ्यात सर्दी, ताप आणि डेंग्यू सगळे एकाच गल्लीत फिरत असतात, म्हणून त्या दिवसांत मी घरच्या घरी फक्त पॅरासिटामॉलच द्यायला सांगते. दोन्ही औषधं एकत्र असलेली सिरपं खूप खपतात. घरात तशी बाटली असेल तर तिच्यावर आणखी पॅरासिटामॉल देऊ नका. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नसतं, त्याने यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. जुन्या बाटल्या घरात असतील तर टाकून द्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना न विचारता यांतलं काहीही नको.

अँटिबायोटिक लगेच का नाही?

"स्ट्राँग औषध द्या, म्हणजे आजच बरं वाटेल." हा आग्रह मी समजू शकते, पण अँटिबायोटिक हे दुखणं थांबवणारं औषध नाही. ते जंतू मारतं, आणि त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. आजच्या रात्रीला त्याचा उपयोग शून्य. जगभरातल्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा असं दिसलं की १०० पैकी सुमारे ६० मुलांचं दुखणं पहिल्या २४ तासांतच थांबतं, अँटिबायोटिक दिलेलं असो वा नसो. त्यापुढच्या दोन-तीन दिवसांत एका जादा मुलाचं दुखणं थांबवायला साधारण २० मुलांना औषध द्यावं लागतं, आणि १४ मुलांमागे एकाला त्याच औषधाने जुलाब, उलटी किंवा पुरळ होतं. यांतल्या बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांतल्या आहेत, जिथे बिघडलं तर मूल तासाभरात दवाखान्यात पोहोचतं. दवाखाना चाळीस किलोमीटरवर असलेल्या पाड्यावर हिशेब वेगळा असतो, आणि तिथला डॉक्टर लवकर औषध सुरू करत असेल तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ, १०२ फॅरनहाइटच्या वर ताप, दोन दिवस न थांबलेलं किंवा फार तीव्र दुखणं, दोन वर्षांखालच्या मुलाचे दोन्ही कान, किंवा कानातून पू, अशा वेळी आम्ही अँटिबायोटिक लगेच सुरू करतो. बाकीच्या मुलांत कान तपासून, दुखण्याचं औषध देऊन, दोन-तीन दिवस वाट पाहायची पद्धत आहे. ही वाट तपासणी झाल्यावर पाहायची असते, तपासणीऐवजी नाही. आणि एकदा औषध लिहून दिलं की सांगितलेले सगळे दिवस द्यायचं. मागच्या वेळची पाण्यात कालवलेली उरलेली बाटली फ्रिजमधून काढून देणं हा सगळ्यात वाईट मार्ग. ते औषध काही दिवसांतच निकामी होतं.

"कान फुटला"

कधीकधी असं होतं की रात्रभर रडलेलं मूल पहाटे अचानक शांत होतं आणि उशीवर पिवळट, कधी थोडा रक्ताळलेला डाग दिसतो. घरात हलकल्लोळ होतो, कान फुटला! शब्द भयानक आहे, पण झालेलं असतं ते एवढंच की दाब सहन न होऊन पडद्याला बारीक भोक पडलं आणि पू बाहेर आला. म्हणून तर ठणका थांबला. असा पडदा बहुतेक मुलांत काही आठवड्यांत आपोआप भरून येतो.

त्या दिवशी डॉक्टरांना मात्र दाखवायचं, आणि तोवर कान कोरडा ठेवायचा. जागतिक आरोग्य संघटनेने गावपातळीवरच्या आरोग्य सेविकांसाठी सांगितलेली पद्धत सोपी आहे आणि घरी जमते. स्वच्छ, पाणी शोषणारं मऊ सुती कापड घ्या, समईची वळतो तशी वात वळा, कानात अलगद ठेवा, ओली झाली की काढून टाका आणि दुसरी ठेवा. वात कोरडी येईपर्यंत असं करायचं, दिवसातून तीनदा. काडीला कापूस गुंडाळून आत खुपसायचं नाही, आणि वात कानात विसरायची नाही. आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवा. पोहणं बंद. १४ दिवस झाले तरी कान वाहतच असेल तर तो जुनाट आजार समजायचा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं. "दात येतायत, म्हणून वाहतोय" असं म्हणत वर्षं काढलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांची ऐकण्याची ताकद गेलेली असते, आणि ती टाळता आली असती.

सकाळची वाट पाहू नका

काही खुणा दिसल्या की रात्रच असो, निघायचं. कानामागे सूज, लाली, हात लावू न देणं, कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं: पू कानामागच्या हाडात पसरला असू शकतो. मान ताठ होणं, मूल सुस्त पडणं, हाक मारल्यावर नीट जागं न होणं, वारंवार उलट्या, झटका. रडताना तोंड एका बाजूला वाकडं होणं. चालताना तोल जाणं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप. यांपैकी एकही दिसलं तर शेक नाही, थांबणं नाही.

बोलता न येणाऱ्या बाळाचा कानच दुखतोय हे ओळखणं अवघड असतं. नुसतं कान ओढणं ही खूण नाही, बाळं झोप आली की किंवा सवयीनेही कान ओढतात. सर्दी, त्यावर नवा ताप, दूध ओढायला लागताच सोडून रडणं, आडवं केलं की किंचाळणं, हे सगळं जमून आलं की कान तपासायलाच हवा. ताप नसला म्हणून कान ठीक आहे असंही समजू नका.

आणि प्रत्येक कानदुखी मधल्या कानाची नसते. कानाची पाळी ओढली किंवा भोकासमोरचा उंचवटा दाबला आणि मूल कळवळलं, तर आजार बाहेरच्या बोळकंडीचा असतो. पोहायला जाणाऱ्या किंवा कान कोरणाऱ्या मुलांत तो जास्त दिसतो. कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर सूज असेल तर गालगुंड असू शकतं. घशाच्या आणि दाढेच्या दुखण्याची कळही कानात येते. मणी, हरभरा, चिंचोका कानात गेला असेल तर काढायला जाऊ नका, तो आणखी आत सरकतो. हरभऱ्यासारख्या दाण्यावर पाणी घातलं तर तो तिथेच फुगून बसतो. घड्याळाची किंवा खेळण्यातली चपटी बटण बॅटरी गेली असेल तर पाणी, तेल काहीही न घालता तडक दवाखाना, कारण ती काही तासांत आतली कातडी जाळते. तेलाला एकच अपवाद आहे: जिवंत किडा. तो आत वळवळत असताना मूल वेडंपिसं होतं. अशा वेळी, कान कधी फुटलेला नसेल तर, साध्या खोबरेल तेलाचे काही थेंब सोडा. किडा मरेल, मूल शांत होईल, मग डॉक्टर तो काढतील.

पुन्हा पुन्हा कान दुखू नये म्हणून काय करता येईल? पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. बाटली देत असाल तर बाळाला आडवं ठेवून तोंडात बाटली टेकवून जाऊ नका, डोकं उंच धरून पाजा. घरात बिडी-सिगारेट, चुलीचा आणि धुपाचा धूर जितका कमी तितका कान सुरक्षित. न्यूमोकोकल लस या आजाराच्या एका मुख्य जंतूपासून वाचवते. ती आपल्या सरकारी लसीकरणात २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर मोफत मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना. लसीकरणाच्या कार्डावर तिची तारीख आहे का, तेवढं पाहून घ्या.

ठणका थांबला, ताप गेला, तरी पडद्यामागचं पाणी लगेच आटत नाही. ते काही आठवडे राहू शकतं आणि बहुतेकांत तीन महिन्यांत आपोआप जातं. तोवर मुलाला कानात बोळे घातल्यासारखं, दबलेलं ऐकू येतं. टीव्हीचा आवाज वाढवणं, सारखं "काय?" विचारणं, बोलायला उशीर लागणं, वर्गात "लक्ष देत नाही" अशी तक्रार येणं, हे त्याचेच परिणाम असू शकतात, आणि अशा मुलांना रागावलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं. मूल पाठमोरं खेळत असताना हलक्या आवाजात त्याला नावाने हाक मारून पाहा, एकदा डाव्या बाजूने, एकदा उजव्या. वळलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन महिन्यांनंतरही शंका उरली तर श्रवणचाचणी करून घ्या. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलं तपासायला येतं. त्यांना "याचा कान मागे दुखला होता" एवढं सांगितलं तरी पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयात मोफत होऊ शकते.